आवाजाची वायर

सोमवार, ९ मार्च

बारक्या,

माझं नाव बघून हे पत्र न वाचताच उडवणार असशील तर आधी एवढं ऐक, मी काही गोडीगुलाबी करायला लिहीत नाहीये. तू बसवून दिलेल्या कॉम्प्युटरवरचा टीव्ही बंद पडलाय. दुसरं काही कारण नाही.

झालं असं. पडद्याच्या कोपऱ्यात ती एक खूण येते ना, अपडेट करू का म्हणून? कित्येक महिने येतेय, मी ढुंकूनही बघत नाही. परवा दुकानात मालकांशी वाजलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, दाबलं 'हो'. बराच वेळ काहीबाही उतरवत बसला, मग म्हणाला बंद करून चालू करा. केलं. तेव्हापासून मेल चालतो, गाणी चालतात, पण टीव्हीची खिडकी उघडली की नुसती काळी. खाली लिहून येतं, असं उपकरण सापडत नाही. सापडत नाही म्हणजे काय? टीव्हीचं कार्ड आतच आहे, केबलवाल्याची वायर मागे लावलेली आहे, मी स्वतः हात लावून बघितलं.

सगळं जग वापरतं ते टाकलं असतंस तर गल्लीतल्या कोणालाही बोलावलं असतं. पण नाही, आमच्या साहेबांना लिनक्सच पाहिजे. दुरुस्तीवाला आला, पडद्यावरचा लिनक्सचा पेंग्विन बघितला आणि चहा पिऊन उठला. "ज्यांनी टाकलंय त्यांनाच बोलवा," म्हणाला. मी हसले. दुसरं काय करणार?

नवा टीव्ही घेऊ म्हटलं तर बाबा ऐकत नाहीत. "त्यानं बसवलाय, तो करेल," एवढंच. रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळी हेडफोन चढवून त्या काळ्या खिडकीसमोर बसतात, बातम्या संपायच्या वेळेला उठतात आणि हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवतात. मला ते बघवत नाही म्हणून हा पत्रप्रपंच.

आणि लिहायला बसलेच आहे तर पोटात ठेवत नाही. तुझं आमच्याशी काय बिनसलं ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. एके दिवशी तुझे फोन यायचे थांबले, बस्स. मी फोन केला, चेष्टेत म्हटलं, "बाळ कधी दाखवताय, का आत्यापासून लपवूनच ठेवणार?" तर तुझ्या बायकोनं फोन आपटला. त्यानंतर तुमचा नंबरच लागत नाही. बरं, माझ्याशी नका बोलू. मी आहेच तोंडाळ. पण बाबांनी काय घोडं मारलंय? बाळ आता चालायला लागलं असेल. एक फोटो पाठवायला किती वेळ लागतो रे? इथे एवढा मोठा पडदा आहे, त्यावर लावून ठेवला असता. म्हातारा दिवसातून दहा वेळा बघत बसला असता. तेवढीही दानत नाही तुझ्यात.

असो. टीव्हीचं काय करायचं ते कळव.

ताई


शनिवार, १४ मार्च

बारक्या,

तुझ्या मेल मिळाल्या. वर 'ताई' नाही, खाली नाव नाही, मध्ये नुसती फर्मानं. हे टाइप कर, एंटर दाब, काय येतं ते जसंच्या तसं पाठव. दुकानात चष्म्याचा नंबर काढताना आम्ही परक्या माणसालासुद्धा आधी बसा म्हणतो.

पण काम झालंय. अर्धं झालंय. सांगते.

ती हुकूम टाइप करायची काळी चौकट उघडून तू सांगितलंस तसं टाइप केलं. पहिल्या खेपेला चुकलं, मी मधली जागा सोडली नव्हती. दुसऱ्या खेपेला यादी आली आणि तिच्यात कार्ड दिसलं. म्हणजे ते मेलेलं नाही, याचाच मला केवढा आनंद झाला. मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, चढवला, तर तो म्हणतो, कार्ड आहे पण कुठल्या जातीचं ते ओळखता येत नाही, अंदाजानं चालवतो. त्यावर तुझं ज्ञान आलं, की महागडी कार्डं स्वतःची ओळख सांगतात, हे स्वस्तातलं आहे, ते सांगत नाही. त्याला बाहेरून नंबर द्यावा लागतो. तो नंबर तू एका फाइलमध्ये लिहून ठेवला होतास आणि अपडेटमध्ये ती फाइल पुसली गेली. आणि नंबर कोणता, तर तुला आठवत नाही. धन्य आहे तुझी. एवढी भलीमोठी यादी पाठवून दिलीस आणि म्हणालास, एकेक लावून बघ.

बघितलं. ड्रायव्हर उतरवायचा, पुढचा नंबर देऊन चढवायचा, खिडकी उघडायची. हे काम मला जमलं याचं तुला नवल वाटेल, पण मी दिवसभर दुसरं काय करते? भिंग बदलायचं आणि विचारायचं, हे बरं का ते बरं. बाबांना खुर्चीत बसवलं आणि विचारत सुटले. एका नंबरावर नुसत्या तिरक्या रेघा. एकावर माणसं हिरवी. एकावर चित्र खालून वर पळत होतं.

"हे बरं का मघाचं, बाबा?"

"मघाचं. त्यात निदान नाक कुठे आहे ते कळत होतं."

असं करता करता एकदम बातम्यांची बाई आली. स्वच्छ, रंगीत, ओठांची लालीसुद्धा दिसत होती. बाबांनी टाळ्या वाजवल्या, कारखान्याच्या सभेत वाजवायचे तशा, हात वर करून. मला म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं तो करेल?" केलं मी, आणि नाव तुझं. तो नंबर आता मी फाइलमध्येही लिहिलाय आणि कपाटाच्या दारावरही.

अर्धं काम का म्हटलं? तर आवाज नाही. चित्र आहे, आवाज नाही. हेडफोन माझ्या कानाला लावून बघितला, मुंगीच्या पावलाचाही आवाज नाही. त्याचं काय करायचं?

फोटोचं मी लिहिलं होतं, त्यावर तू चकार शब्द काढला नाहीस. ते माझ्या लक्षात आलंय.

ताई


गुरुवार, १९ मार्च

बारक्या,

आवाजासाठी तू सांगितलेलं सगळं केलं. पडद्यावर आवाज कमीजास्त करायच्या त्या उभ्या पट्ट्या आल्या, सगळ्या वर चढवल्या. 'लाइन' लिहिलेल्या पट्टीखाली आवाज बंद असल्याची खूण होती, ती काढली. गाणं लावून बघितलं, हेडफोनमध्ये ठणठणीत वाजलं. म्हणजे हेडफोन चांगला, कॉम्प्युटरचा आवाज चांगला. फक्त टीव्हीचा आवाज येत नाही. चॅनेल बदलून बघितले, प्रत्येक चॅनेल मुका.

आता यात एक गंमत आहे, ती नीट वाच, कारण मला तर काही उमगत नाही. बाबा म्हणतात आवाज येतोय.

काल संध्याकाळी हेडफोन लावून बसले होते. मी समोर गेले आणि विचारलं, "बाबा, येतोय का आवाज?"

"येतोय की."

"मघाशी मला नाही आला."

"मग तुझे कान तपासून घे," म्हणाले.

मी हेडफोन ओढून माझ्या कानाला लावला. ठार शांतता. परत त्यांना दिला. पुन्हा आरामात बघत बसले आणि वर मला बातमी सांगितली, की विजेचे दर वाढणार आहेत. मी म्हटलं, म्हातारा मनाचं सांगतोय. आज सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर विजेचे दर. आता बोल. त्यांना येतो आणि मला येत नाही, असं कुठे असतं का? एक वायर तुटकी असेल आणि त्यांनी मान वाकडी केली की टेकत असेल, असा माझा अंदाज. तुझा काय?

तशा त्यांच्या तक्रारीही आहेत. रात्रीच्या बातम्यांना तो दाढीवाला असतो ना, तो आला की चॅनेल बदलतात. त्याला नीट बोलता येत नाही म्हणे. मला तर तो सगळ्यांत चांगला वाटतो.

खरं सांगू का, या आठवड्यात तुझी फर्मानं वाचायची सवय झालीये. दुकानातून निघाले की घरी येईपर्यंत डोक्यात तेच, आज काय टाइप करायला सांगितलं असेल. तू आखडू असशील, पण रोज उत्तर देतोस हे मी बघतेय. मग एवढं केलंयस तर आणखी एक कर. आवाज तपासायला एखादी नवी फाइल लागेल म्हणालास ना? तुमच्या बाळाचं रडणं भरून पाठव. मोठ्यांदा रडणारं. त्यावर हेडफोनही तपासून होईल आणि आजोबांनाही ऐकायला मिळेल. एका दगडात दोन पक्षी.

आणि सांग रे एकदा काय झालं होतं ते. मी भांडणार नाही. नुसतं सांग.

ताई


रविवार, २२ मार्च

बारक्या,

तुझं पत्र काल आलं. मी ते उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं.

मला माहीत नव्हतं. कुणाचीही शपथ घेऊन सांगते, मला माहीत नव्हतं. सातव्या महिन्यात बाळ गेलं आणि मला हे दीड वर्षानं कळतंय, तेही टीव्हीचा आवाज येत नाही म्हणून. तू म्हणतोस, दवाखान्यातूनच तू घरी फोन केलास, बाबांनी उचलला, तू सगळं सांगितलंस आणि वाट बघत राहिलास की आता ताईचा फोन येईल. मी त्या दिवशी घरी आले तेव्हा बाबा म्हणाले होते, "त्याचा फोन होता. सगळे ठीक आहेत." एवढंच म्हणाले होते. मी विचारलं, काही विशेष? तर म्हणाले, सहज केला होता.

आणि नंतर मी काय केलं, तर दिवस भरायची वेळ आली तसा फोन करून तिला विचारलं, बाळ कधी दाखवताय. तिनं फोन आपटला म्हणून मी चार ठिकाणी तिची निंदा केली. या महिन्यात तुला फोटो मागितला. रडणं मागितलं. गुरुवारी मी ते लिहिलं तेव्हा मला वाटत होतं, मी फार मजेशीर लिहितेय. तू ते वाचलंस आणि तरी उत्तर दिलंस. तिनंही वाचलं का रे? नसेल वाचलं तर दाखवू नकोस. पुसून टाक.

बाबा फोनवर जे म्हणाले ते तू जसंच्या तसं लिहिलंयस. "छान. आनंद आहे. तब्येत सांभाळा. ठेवतो." तू रडत होतास आणि ते म्हणाले, छान. फोन स्पीकरवर होता आणि ती पलंगावरून ऐकत होती. मी बाबांची बाजू घेणार नाही. घेण्यासारखी बाजूच मला दिसत नाही. लोक म्हणतात, मुलगा घर सोडून गेला की बापाच्या मनात काहीतरी साठून राहतं, पण हे कसलं साठणं? काल रात्रीपासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. ताट पुढे ठेवते आणि आत जाते. त्यांना वाटतंय मी आवाजावरून चिडले आहे. "राहू दे गं आवाज, माझं चालतंय," म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

विचारणार आहे मी त्यांना. आज नाही जमणार, आज तोंड उघडलं तर काय बोलेन याचा नेम नाही.

एवढं सगळं लिहून तळाशी तू परत लिहिलंस, की कॅबिनेट उघडून कार्डापासून आवाजाच्या जागेपर्यंत जाणारी बारीक वायर बघ, ती निघाली असेल. मी तिथे रडले. बाळाचं लिहिलंय तिथे नाही, या वायरपाशी.

ताई


बुधवार, २५ मार्च

बारक्या,

हे पत्र तिच्याबरोबर बसून वाच. तिला नको असेल तर तू एकटा वाच, पण मग तिला सांग.

आज सुट्टी घेतली. सकाळी बाबा फिरायला गेले तेव्हा कॅबिनेट उघडलं. बारीक वायर सापडली. ती निघालेली नव्हती, काढलेली होती. दोन्ही टोकं सोडवून, नीट घडी घालून, पांढऱ्या दोऱ्यानं बांधून एका कोपऱ्यात खोचून ठेवली होती. तिच्यावर धूळ होती, म्हणजे ती आत्ताची नाही, अपडेटच्या कितीतरी आधीची. आणि दोऱ्याची गाठ मी ओळखली. मागावर सूत तुटलं की ते जोडायला मारतात ती चपटी गाठ. आपल्या घरात रद्दीच्या गठ्ठ्यापासून परकराच्या नाडीपर्यंत सगळ्याला तीच गाठ असायची, आणि ती एकाच माणसाला येते.

मी वायर हातात घेऊन बसले. ते परत आले, चपला काढल्या, पाठमोरे होऊन टोपी अडकवायला लागले. मी मागून म्हटलं, "बाबा." मग मोठ्यानं म्हटलं. मग ओरडले. त्यांनी टोपी अडकवली, सरळ केली, वळले, मला बघितलं आणि म्हणाले, "अगं, तू घरी?"

आपण दोघं त्यांना कापडाच्या कारखान्यात डबा द्यायला जायचो, आठवतं? मागाच्या खात्याच्या जाळीतून बघायचो. एवढे माग एकदम धडधडत असायचे की छातीत बसायचं, आणि आत सगळे कामगार एकमेकांशी गप्पा मारत असायचे, आवाज न करता, नुसते ओठ मोठे मोठे हलवून. बाबा आईशीही जेवताना तसंच बोलायचे, आपल्याला कळू नये म्हणून. आपल्याला तो खेळ वाटायचा. अरे, तो माणूस जन्मभर ओठांवरून ऐकत आलाय. बातम्यांची बाई त्याला कळते. दाढीवाला कळत नाही, कारण त्याचे ओठ मिशांत लपतात. मी समोर असले की मी कळते. आणि हेडफोन कशाला, तर मागून हाक मारली आणि वळला नाही तर म्हणायला, हेडफोन होता. मी दिवसभर दुकानात अक्षरांचा तक्ता पाठ करून आलेले लोक पकडते. पहिली ओळ धडाधडा म्हणाले की मी लगेच तक्ता फिरवते. आणि घरात मला हे कळू नये.

त्यांना खुर्चीत बसवलं, वायर मांडीवर ठेवली. बघत राहिले तिच्याकडे. मग म्हणाले, "त्यानं बसवताना दाखवली होती मला, ही आवाजाची म्हणून."

"का काढलीत?"

"मला कळायचं नाही आवाज केवढा मोठा आहे ते. शेजारचे बोलले. तू हेडफोन आणलास, तर म्हणालीस तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. मग म्हटलं, नकोच."

"कधीपासून नाही ऐकू येत?"

"कामावर होतो तेव्हाच कमी झालं होतं. तुझी आई गेली तेव्हा उरलेलं गेलं. गुणगुण येते थोडी. कोण बोलतंय ते समजतं, काय बोलतंय ते नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू दुकान सोडून घरी बसली असतीस," म्हणाले. "आणि तोंड दिसलं की मला सगळं कळतं. काही अडत नाही."

मी विचारलं, "आणि फोनवर?"

फोन कधी येतो ते त्यांना तांबड्या दिव्यावरून कळतं. आई होती तोवर तीच घ्यायची. आता मी घरी नसले तर ते घेतात, कारण नाही घेतला तर लोक काळजी करतील.

"फोनवर तोंड कुठे दिसतं?" म्हणाले.

"मग काय बोलता?"

बाबा थोडे लाजले, बारक्या. म्हणाले, "ठरवून ठेवलंय. छान. आनंद आहे. तब्येत सांभाळा. ठेवतो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. आजवर कुणाची तक्रार आली नाही."

मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. मग आठवलं, नळ कशाला सोडायचा.

त्यांना बाळाचं अजून सांगितलेलं नाही. त्यांना एवढंच ठाऊक आहे की त्यांचा मुलगा काहीतरी मनात धरून बसलाय. मी ते सांगू शकत नाही आणि मी सांगूही नये. तू ये. फोनवर नाही, मेलवर नाही, इथे येऊन त्यांच्या समोर उजेडात बस आणि सांग. त्यांनी तुझं बोलणं एकदाही ऐकलेलं नाही. तिला म्हणावं, ते तुझ्या बाळाला छान म्हणाले नाहीत. ते कुणालाच काही म्हणाले नाहीत.

ताई


रविवार, २९ मार्च

बारक्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी बरं बोलले नाही. तुझा आवाज ऐकला आणि मी भांडायलाच लागले. तिनं पत्र वाचलं आणि आत जाऊन पडली, असं तू म्हणालास. बरोबर आहे तिचं. दीड वर्ष एक दुःख उराशी घेऊन बसायचं आणि मग कोणी सांगायचं की ते तसं नव्हतंच, त्याला वेळ लागेल. तिला घाई करू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको.

पण तू म्हणालास, "बाबांना सांगू नकोस ताई, ऐकलं नाही तर नाही ऐकलं, आता कशाला?" त्यावर मी जे बोलले ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, "त्यांना ठाऊकच नाही रे की बाळ गेलं. तू रडत सांगत होतास आणि ते छान म्हणाले, हे त्यांना कळायला नको?" हे मी दबक्या आवाजात बोलले, फोनला हाताचा आडोसा करून. आडोसा केला होता तो आवाजाला, ओठांना नाही. बाबा समोरच्या खुर्चीत होते. माझं तोंड त्यांच्याकडे होतं आणि वर दिवा होता.

फोन ठेवला आणि बघितलं तर ते ताठ बसलेले. म्हणाले, "कुणाचं बाळ?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. तुझ्यासाठी ठेवलेलं काम मला करावं लागलं, मला माफ कर. सावकाश सांगितलं, एकेक शब्द. सातवा महिना. दवाखाना. तू केलेला फोन. ते माझ्या ओठांवरून नजर काढत नव्हते. एकदा म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. त्यांना पहिल्या वेळीच कळलं होतं, ते मला दिसलं होतं, पण त्यांनी परत सांगायला लावलं.

मग विचारलं, "मी काय म्हणालो?"

मी खोटं बोलले. म्हटलं, "काही नाही. लाइन तुटली."

"नाही तुटली," बाबा म्हणाले. "त्याचा फोन होता हे मला समजलं होतं. मी ठेवतो म्हणालो आणि ठेवला." मग म्हणाले, "म्हणजे त्याच्या आधीचंही म्हणालो असणार. सगळं."

मी होकाराची मान हलवली. त्यांना खोटं सांगायला मी दुसरं तोंड कुठून आणू?

ते रडले नाहीत. रात्रभर झोपलेही नाहीत. सकाळी मला म्हणाले, "तिनं ऐकलं का ते?" मी हो म्हटलं. तेव्हा त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि तसेच बसून राहिले. मी काढायला गेले तर काढू देईनात. आज टीव्ही लावलेला नाही. मी वायर परत जोडली आहे, आवाज येतो, पण ते मी उगीच केलं.

आत्ता दुपार आहे. मघाशी त्यांनी हात खाली घेतले, चहा घेतला आणि मला समोर बसायला सांगितलं. म्हणाले, "मुलगा होता की मुलगी?"

मला माहीत नाही, बारक्या. एवढी पत्रं लिहिली, काल एवढं बोलले, आणि हे मी तुला विचारलंच नाही. मी त्यांना म्हटलं, विचारून सांगते. म्हणून लिहायला बसले. ते बाजूच्या खुर्चीत बसलेत आणि मी पडद्याकडे बघत असले तरी ते माझ्याच तोंडाकडे बघतायत.

कळव.

ताई